रायफल घेऊन न्यू हॅम्पशायर ते कॅम्प पेरी: दस्ता, राज्यांचे कायदे आणि मुक्काम

न्यू इंग्लंडमधून रस्त्याने पश्चिमेला जायचं तर न्यू यॉर्क राज्य चुकवता येत नाही. सहाही राज्यांची वाट न्यू यॉर्कमधूनच जाते, नाहीतर कॅनडातून. गाडीत एआर-१५ ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर ट्रिगरला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते) असेल तर कॅनडाचा विचारच सोडा, मे २०२० पासून तिथे ती प्रतिबंधित आहे. त्यामुळे आमच्या प्रवासाची सगळी आखणी न्यू यॉर्कभोवतीच झाली.

मी आणि माझा एक मित्र या जुलैत न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआहून गाडीने ओहायोतल्या कॅम्प पेरीला गेलो. ईरी सरोवराच्या काठी, पोर्ट क्लिंटन गावाजवळ हे मैदान आहे. १९०७ पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. सर्व्हिस रायफल प्रकारात २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम साधायचा असतो: उभं राहून, बसून आणि पालथं पडून. उन्हात तापलेल्या गवतावर शेकडो नेमबाज एका ओळीत उभे असतात. नेमबाजीवर जीव असलेल्याने एकदा तरी तिथे जावंच.

आता दस्त्याविषयी. रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा स्टॉक, लांबीला कमी-जास्त करता आला तर नेमबाजाचं काम सोपं होतं. उभं राहिल्यावर आणि जाड शूटिंग कोट घालून पालथं पडल्यावर खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर वेगवेगळं लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारातल्या रायफलींचे दस्ते बघा, गालाची पट्टी आणि खांद्याचा तळ दोन्ही सरकवता येतात. सर्व्हिस रायफलमध्येही २०१६ पासून सरकणाऱ्या दस्त्याला परवानगी आहे. पण मैदानावर जी निव्वळ सोय आहे, ती काही राज्यांत गुन्ह्याचा भाग ठरते.

याचं मूळ १९९४ च्या केंद्रीय बंदीत आहे. सेमी-ऑटोमॅटिक, काढता येणाऱ्या मॅगझिनची रायफल घ्यायची आणि तिच्यात यादीतली दोन वैशिष्ट्यं आहेत का ते मोजायचं, असली तर ती बंदीत. दुमडणारा किंवा सरकणारा दस्ता, ठळकपणे खाली आलेली पिस्तूल ग्रिप म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, नळीच्या टोकाचा झोत कमी करणारा फ्लॅश सप्रेसर, संगीन लावायची जागा वगैरे. ही बंदी सप्टेंबर २००४ मध्ये संपली, पण मोजायची पद्धत राज्यांनी आपापल्या परीने उचलली. न्यू जर्सीत आजही दोनाचा हिशोब चालतो. म्हणून तिथले लोक सरकणारा दस्ता पिन मारून कायमचा एका लांबीवर बसवतात आणि पिस्तूल ग्रिप ठेवतात. न्यू यॉर्कने २०१३ च्या सेफ अ‍ॅक्ट या शस्त्रकायद्यात दोनावरून एकावर उडी मारली. तिथे एकटी पिस्तूल ग्रिप पुरते, किंवा एकटा अंगठ्याचं भोक असलेला दस्ता. कॅलिफोर्नियातही सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) रायफलला एकच वैशिष्ट्य पुरतं. मेरीलँडच्या यादीत दुमडणारा दस्ता आहे, सरकणारा नाही. एकच दस्ता, आणि राज्य बदललं की त्याचा अर्थ बदलतो.

यातून निघणारी पहिली गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. 'जुन्या पद्धतीचा अचल दस्ता लावला की काम झालं' असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. न्यू जर्सीपुरता तो सल्ला बरा आहे, न्यू यॉर्कमध्ये निरुपयोगी, कारण एआरची पिस्तूल ग्रिप तशीच राहते. आमच्या दोन्ही रायफली न्यू यॉर्कच्या व्याख्येत बसणाऱ्याच होत्या आणि दस्ता बदलून त्यात काही फरक पडला नसता. बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढावा लागणाऱ्या रायफलवाल्यांनी मात्र याची फार काळजी करू नये, या याद्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी आहेत.

मग न्यू यॉर्क ओलांडायचं कसं? १९८६ च्या केंद्रीय कायद्यात यासाठी तरतूद आहे, १८ यूएससी ९२६ए. जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचणार तिथे रायफल बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून नेता येते. रायफल रिकामी हवी. रायफल आणि काडतुसं दोन्ही बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. डिकी वेगळी नसेल, म्हणजे एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल, तर कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल पेटी म्हणून चालत नाही. आम्ही एसयूव्हीत मागच्या टोकाला कुलूप लावलेली कडक पेटी ठेवली आणि काडतुसं दुसऱ्या कुलूपबंद डब्यात.

हे कलम वाटेत थांबण्याबद्दल एक शब्दही बोलत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. २००५ साली ग्रेग रेव्हेल नावाचे गृहस्थ यूटाहून विमानाने पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला निघाले होते. विमान चुकलं, नेवार्कला रात्र काढावी लागली, पिस्तूल असलेली बॅग त्यांच्यासोबत हॉटेलात गेली आणि सकाळी विमानतळावर त्यांना अटक झाली. २०१० मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की रात्रभर शस्त्र त्यांच्या हाताशी होतं, त्यामुळे या कलमाचं संरक्षण नाही. त्याच वर्षी न्यू यॉर्क ज्याच्या अखत्यारीत येतं त्या दुसऱ्या सर्किटने टोराको खटल्यात ठरवलं की चुकीची अटक झाली तरी या कलमाच्या आधारे नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. म्हणजे न्यू यॉर्कमध्ये हे कलम तुम्हाला फार तर कोर्टात वाचवेल, रस्त्यावर नाही.

माझं ठाम मत असं की या प्रवासात दस्ता कोणता यापेक्षा मुक्काम कुठे हे जास्त महत्त्वाचं आहे. सिराक्यूज किंवा बफेलोला मुक्काम करणं दमलेल्या माणसाला स्वाभाविक वाटतं. तो करू नका. आम्ही न्यू यॉर्क एका दमात ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात झोपलो. तिथे असा वैशिष्ट्यांचा कायदा नाही, फक्त भरलेली रायफल गाडीत ठेवायला मनाई आहे.

मार्गाबद्दल थोडं. मॅसॅच्युसेट्समधून आय-९० घेणं सर्वांत सोपं, पण तिथला कायदा २०२४ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि मला आणखी एका कडक राज्याची भर नको होती. म्हणून मिलफर्ड, कीनमार्गे रूट १०१ ने, पुढे व्हरमाँटचा रूट ९. ब्रॅटलबोरो ते बेनिंग्टन हा ग्रीन माउंटन्समधला रस्ता वळणांचा आहे आणि वेळ खातो, पण हॉगबॅकवरून दिसणाऱ्या डोंगररांगा बघून शीण जातो. पुढे ट्रॉय, ऑल्बनी आणि मग थ्रूवे, म्हणजे न्यू यॉर्कचा टोल महामार्ग. थांबलो ते थ्रूवेवरच्या सर्व्हिस एरियातच, आणि एक जण कायम गाडीजवळ. बफेलोत आय-१९० चा फाटा चुकूनही घेऊ नका, तो पीस ब्रिजकडे म्हणजे थेट कॅनडाच्या सीमेवर नेतो. आणि नायगारा! आपल्याकडचं कुणीही बफेलोवरून गेलं की नायगारा बघायचाच असतो. रायफल गाडीत असताना ते पर्यटन होतं, 'ओलांडणं' राहत नाही. धबधबा वेगळ्या सुट्टीत बघा.

मॅगझिन फक्त १० गोळ्यांची न्या. वेगाच्या फेरीतही एका मॅगझिनमध्ये दोन आणि दुसऱ्यात आठ अशा गोळ्या भरतात, मोठ्या मॅगझिनची गरजच नाही. स्पर्धेच्या प्रवेशाची आणि ईरीच्या हॉटेलची छापील प्रत, ९२६ए ची प्रत आणि एका वकिलाचा नंबर पाकिटात ठेवा. बंप स्टॉक, म्हणजे धक्क्याच्या जोरावर झटपट गोळ्या झाडू देणारा दस्ता, घरीच राहू दे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये केंद्राचा नियम रद्द केला असला तरी व्हरमाँट आणि न्यू यॉर्कची स्वतःची बंदी कायम आहे. १६ इंचांपेक्षा आखूड नळीला खांद्याचा दस्ता लावला असेल तर ती केंद्राकडे नोंदवावी लागणारी आखूड रायफल होते आणि राज्याबाहेर नेण्याआधी एटीएफ या केंद्रीय शस्त्रनियंत्रण विभागाची मंजुरी लागते. जानेवारी २०२६ पासून तिच्यावरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी मात्र कायम आहे.

आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. मित्राच्या रायफलने रेंजवर दोन गोळ्या झाडणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. बंदुकीवरून व्हिसा धोक्यात घालू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीहून निघणाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांना आय-८० ने थेट पेनसिल्व्हेनियात शिरता येतं, न्यू यॉर्क लागतच नाही. पण त्यांची अडचण परतीची आहे. ओहायोत दस्त्याची पिन काढून तो सरकता केला, तर घरी पोचल्यावर ती रायफल बेकायदा ठरते आणि जिथे पोचणार तिथेच ती कायदेशीर नसल्याने ९२६ए लागू होत नाही. पिन काढायचीच असेल तर डेलावेअर नदी ओलांडण्याआधी ती पुन्हा मारून घ्या, आणि ते काम पार्किंगमध्ये नाही, पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या गनस्मिथकडून करून घ्या.