नुसतं मलम द्या, ताई

माझ्या औषधाच्या दुकानातली संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणारे एक गृहस्थ आले. त्यांना मी दादा म्हणते. गोळ्या पिशवीत घालत होते, तेवढ्यात ते सहज म्हणाले, "एक जंतुनाशक मलमही द्या. पोरीच्या हाताला ओरखडा आहे, भरत नाही लवकर."

मी ट्यूब काढली. दादा मोबाइलमध्ये बघत बोलत होते, "पिल्लाशी खेळताना लागलं. ते बिचारं पण काल गेलं."

ट्यूब माझ्या हातात तशीच राहिली.

"कोण गेलं?"

"कुत्र्याचं पिल्लू हो. दोन दिवस काही खाईना, कोपऱ्यात बसून राहायचं. जवळ गेलं की अंगावर यायचं. तोंडातून नुसती लाळ. पोरांना लळा लागला होता, फार रडली."

तेव्हा मला आठवलं, परवा सकाळी त्यांची बायको आली होती. चिकटपट्ट्या मागितल्या, मी दिल्या, पैसे घेतले. अर्ध्या मिनिटाचं काम. काउंटरवर चार-पाच जण उभे होते हे खरं, पण "कशाने लागलं?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? मी विचारलं नव्हतं. म्हणजे दोन दिवस आधीच जे घडायला हवं होतं, ते माझ्या समोरून निघून गेलं होतं.

"दादा, ओरखड्यातून रक्त आलं होतं का?"

"थोडंसं. पण दात नाही लागला, नख लागलंय. आणि तिचा टीटी झालाय मागच्याच वर्षी. नुसतं मलम द्या, ताई."

हे "टीटी झालाय" मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की काळजीच वाटते. जखम म्हटली की एक इंजेक्शन असतं आणि ते घेतलं की सुटलो, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टीटी धनुर्वातासाठी. तो होतो माती-धुळीतल्या जीवाणूंमुळे. रेबीज हा वेगळाच आजार. त्याचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो, आणि कुत्रं आपले पंजे चाटत असतं, म्हणून रक्त काढणारा ओरखडासुद्धा चावण्याइतकाच गंभीर धरतात. टीटीचा त्यावर काडीचाही परिणाम नाही.

हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी थांबले. काही वर्षांपूर्वी असाच एक जण आला होता. मी पहिल्याच वाक्यात त्याला सांगून टाकलं होतं की रेबीज झाला की माणूस वाचत नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण तो "बघतो, डॉक्टरांना विचारतो" म्हणून गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. त्याने लस घेतली की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून मी आधी विचारते.

"दादा, कुत्र्याच्या इंजेक्शनचं नाव काढलं की तुमच्या मनात काय येतं?"

ते पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "पोटात चौदा. माझ्या चुलतभावाला दिली होती लहानपणी. चौघांनी धरून ठेवलं होतं त्याला. मी बघितलंय ते. सात वर्षांची आहे हो माझी पोरगी."

अडलं होतं ते इथे. निष्काळजीपणा नव्हताच, लेकीला तशा वेदना होऊ नयेत म्हणून बाप मलमावर भागवत होता. मी त्यांना सांगितलं की ती जुनी लस जनावरांच्या मेंदूपासून बनायची, त्रासही पुष्कळ द्यायची. आताची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते, त्यातला विषाणू निष्क्रिय केलेला असतो. ती दंडात देतात आणि सुई बाकीच्या लसींसारखीच असते. चार-पाच वेळा जावं लागतं, पण धरून ठेवायला चौघं लागत नाहीत.

"पण दोन दिवस होऊन गेले. आता काय उपयोग?"

हा प्रश्न आला म्हणजे माणूस ऐकायला लागलाय. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. साधारणपणे त्याला दोन-तीन महिने लागतात, पण कधी आठवडाही पुरतो, म्हणून त्या महिन्यांच्या भरवशावर राहायचं नाही. लक्षणं दिसायच्या आधी लस सुरू झाली की तो मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत शरीर तयार होतं. दोन दिवस गेले म्हणून लस घेऊ नये, असं कुठेच नाही. लक्षणं दिसल्यावर मात्र कुणाच्याच हातात काही राहत नाही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा बोलले, आधी नाही.

माझ्या फ्रीजमध्ये लस होती. दोन ते आठ अंशांत ठेवलेली, सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद केलेली. पण मी लस टोचत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून औषधाच्या दुकानांतून सरकारी योजनेतली फ्लूची लस देतात, अमेरिकेतही औषधविक्रेते लस टोचतात. इथे मात्र माझं काम माणसाला योग्य दारापर्यंत पोहोचवायचं. शिवाय या मुलीला नुसती लस पुरणार नव्हती. लसीने शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोपर्यंत संरक्षण हवं म्हणून रक्त आलेल्या जखमेत आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देतात. ते सगळीकडे मिळत नाही. मी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात फोन लावला. दुसऱ्या प्रयत्नात कुणीतरी उचलला. दोन्ही आहे का, रात्री देतात का, विचारून घेतलं. "रुग्णालयात जा" एवढ्यावर न थांबता कुठल्या खिडकीत जायचं, काय मागायचं, हे कागदावर लिहून दिलं की माणूस जातो, हा माझा अनुभव आहे.

तोवर दादांनी घरी फोन लावला होता. मी त्यांच्याकडून फोन घेतला. "वहिनी, पट्टी काढा. नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुवा, घड्याळ लावून. वर मलम, पट्टी काही नको." मग विचारलं, पिल्लाशी आणखी कोण खेळायचं?

पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "धाकटा. तो तर त्याला तोंडाजवळ घ्यायचा. तोंड चाटायचं ते त्याचं."

सुक्या, धड कातडीवर चाटलं तर लस लागत नाही. पण तोंडातल्या ओल्या त्वचेला लाळ लागली तर त्याची गणना रक्त आलेल्या जखमेबरोबरच होते. म्हणजे दोघं. मेलेलं पिल्लू आजीने फडक्यात गुंडाळून उचललं होतं. आजींच्या हाताला चीर, जखम काही नव्हती, तरी डॉक्टरांना हेही सांगा म्हटलं. पोरांच्या मित्रांपैकी कुणाला लागलंय का, त्यांच्या आयांनाही आजच विचारा, असंही सांगितलं. दादा निघाले. ट्यूब मी परत फळीवर ठेवली.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. दोघांना लस मिळाली होती, जखमेतलं इंजेक्शनही झालं होतं. "ते जखमेतलं दुखलं तिला," ते म्हणाले, "पण लसीला रडली नाही." मी बराच वेळ अंथरुणावर बसून होते. परवाच्या त्या चिकटपट्ट्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

रुग्णालयाच्या कार्डावर ०, ३, ७, १४ आणि २८ असे दिवस होते. मी तारखा काढून आजींच्या गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिल्या, कारण ते पाकीट घरात रोज उघडलं जातं. तिसरा आणि सातवा दिवस नीट पार पडला. चौदाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही, म्हणून मीच फोन केला. जखम भरली होती, पोरगी शाळेत जात होती, आणि दादांना कामावर सुट्टी मिळत नव्हती. "आता ठणठणीत आहेत हो दोघं," ते म्हणाले. मला वाटतं, लस अर्धवट सुटते ती बहुतेक इथेच, जखम दिसेनाशी झाली की. मी म्हटलं, जखम भरली ती कातडीची, विषाणूचं बाहेरून काही कळत नसतं. तुम्हाला जमत नसेल तर वहिनींना पाठवा, पण उद्या नाही, आजच. वहिनी दोघांना घेऊन गेल्या.

त्या पिल्लाला खरंच रेबीज होता का, हे कधीच कळलं नाही. ते तपासण्याआधीच पुरलं गेलं होतं. कळायची वाट बघून चालणारही नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर दादा गोळ्या न्यायला आले तेव्हा कार्ड बरोबर घेऊनच आले. सगळे रकाने भरलेले. त्यांच्या मागे एक बाई उभी होती, कडेवर मुलगा.

"शेजारच्या आहेत," दादा म्हणाले. "याला सकाळी रस्त्यावरच्या मांजराने बोचकारलंय. मी सगळं सांगितलं, पण म्हणतात टीटी झालाय. तुम्ही बोला."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले. "आधी नळापाशी चला," मी त्या बाईंना म्हटलं, "बाकीचं धुता धुता बोलू."