शंका-अर्ज, शनिवारचे सर आणि फ्लोराइड

ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला इलेक्ट्रोफाइल-न्यूक्लिओफाइलचा धडा मला फारसा जड गेला नाही. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी द्यायला आहे तो न्यूक्लिओफाइल, ज्याच्याकडे ती घ्यायला जागा आहे तो इलेक्ट्रोफाइल, आणि इलेक्ट्रॉन कुठे जातात ते दाखवणारा बाण कायम जोडीकडून जागेकडे. एवढं पक्कं झालं की पुढचं निघतं. माझं डोकं तापवलं ते क्लासच्या शंका-अर्जाने.

जेईईच्या सराव पेपरात प्रश्न होता: डीएमएफ या द्रावकात एसएन2 अभिक्रिया (न्यूक्लिओफाइल एका फटक्यात जुन्या गटाला हाकलून त्याची जागा घेतो ती) होत असेल तर फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या चार हॅलाइडपैकी सर्वांत प्रबळ न्यूक्लिओफाइल कोणता? मी फ्लोराइड निवडलं. आन्सर की म्हणाली आयोडाइड. चार मार्क गेलेच, वर एक वजा.

आता आयोडाइड हे उत्तर पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये बरोबरच आहे. फ्लोराइड छोटा, त्याचा प्रभार एकाच जागी दाटलेला. तिथे द्रावकाचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्याला घेरून टाकतात. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत पावलोपावली ओळखीचं कुणी भेटत राहिलं की माणूस जागचा हलत नाही, तसं त्याचं होतं. आयोडाइड मोठा, त्याच्याभोवतीची पकड ढिली, म्हणून तो पुढे जातो. पण डीएमएफ, डीएमएसओ अशा द्रावकांकडे असा बंध करायला हायड्रोजनच नसतो. ते धन आयनाला धरून ठेवतात, ऋण आयन मोकळा राहतो आणि क्रम उलटतो: फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, शेवटी आयोडाइड. पेपर काढणाऱ्याने डीएमएफ मुद्दाम घातलं होतं. आन्सर की करणाऱ्याने ते वाचलंच नाही.

हे काउंटरवर सांगायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "अर्ज भर." अर्जात कारणासाठी एक ओळ. एका ओळीत द्रावक कसा बसवायचा? वेगळा कागद जोडला तर "जोडपत्र चालत नाही". ओळीत कोंबून लिहिलं तर "अक्षर लागत नाही". तिसऱ्या खेपेला कळलं की अर्ज ऑरगॅनिकच्या सरांकडेच जातो, सर हैदराबादचे, आणि ते फक्त शनिवारी येतात. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मार्चच्या उन्हात विजापूर रोडवरून सायकल मारत यायचं आणि काउंटरवर "सर आत्ताच वर्गात गेले" ऐकायचं.

मित्र म्हणाला, "सोड की बे, सराव पेपर तर आहे." मुद्दा मार्कांचा नव्हता. तीच की बघून अख्खी बॅच आयोडाइड पाठ करत होती.

शेवटी सरांना जिन्यात गाठलं. त्यांनी उभ्या उभ्या प्रश्न वाचला, "फ्लोराइडच. कुणी केली ही की?" म्हणाले आणि सही केली. तरी मार्क लगेच वाढले नाहीत, कारण सही अर्जाच्या मागे होती आणि ती पुढे लागते म्हणे! मार्क वाढले तेव्हा भिंतीवरची रँकलिस्ट तीच जुनी राहिली. पण पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन द्रावकांचे दोन क्रम शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा मी मागच्या बाकावरून जरा ताठ बसून बघितलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही या धड्यात असाल तर प्रश्नात आधी द्रावक शोधा, मग हॅलाइड. अधिक चिन्ह दिसलं की इलेक्ट्रोफाइल म्हणून मोकळं होऊ नका. अमोनियम आयनावर धन प्रभार आहे, पण नायट्रोजनचं अष्टक (भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, जोडी घ्यायला जागा कुठे? उलट बोरॉन ट्रायफ्लोराइडवर काहीच प्रभार नाही, तरी तो पक्का इलेक्ट्रोफाइल, कारण बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन. आणि कार्बनवरच्या क्लोरीन-ब्रोमीनच्या जागी आयोडीन बसवायला ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड वापरतात ते आयोडाइड तिथे सगळ्यांत बलवान असतो म्हणून नव्हे. तयार होणारं सोडियम क्लोराइड किंवा ब्रोमाइड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, तळाला बसतं, म्हणून अभिक्रिया पुढे सरकते. यावर प्रश्न हमखास फसवा येतो.

हो, आणि अर्ज दिला की लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढा, पुढून-मागून दोन्ही. पोच मागितली तर देत नाहीत.