सोलापुरात फोर बाय फोर गाडीचं कॅम्पर करताना

आत झोपायची सोय करून कॅम्पर बनवायला जुनी बोलेरो किंवा सुमो फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी) घेताना चाचणी डांबरावर घेऊ नका. पार्ट-टाइम फोर बाय फोरला, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या गाडीला, मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे वळणावर ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. मोकळ्या मातीत फोर-लो (चारही चाकांचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून बघा. नंतर ट्रान्सफर केसचा प्लग सैल करून तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सौदा सोडा.

बेडला १२ मिमी मरीन प्लाय पुरतो. सीट काढायच्या असतील तर आधी आरटीओची परवानगी घ्या, नाहीतर विम्याचा दावा अडतो.

खरी काळजी वायरिंगची. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बेडखाली ठेवा, बॉनेटमध्ये नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंजिनाजवळ ती टिकत नाही. मुख्य फ्यूज प्लस टर्मिनलला खेटूनच हवा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडूनही बॅटरी आणि फ्यूजमधला तुकडा जळतच राहू शकतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रबराची कडी) घालाच.

आणि पावसानंतर उजनीकाठच्या काळ्या रानात गाडी घालूच नका. टायरच्या खाचा चिखलानं भरल्या की चारही चाकं जागीच फिरतात. मुक्कामाला मुरमाड जागाच शोधा.