फाटकाला कुलूप

ऑस्टिनला आल्यापासून दर उन्हाळ्यात लेक ट्रॅव्हिसच्या ज्या काठावरून मी डायव्हिंगसाठी पाण्यात उतरत आलो, तिथल्या फाटकाला आज सकाळी नवी साखळी, पितळी कुलूप आणि ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी दिसली. डिकीत हवेचे दोन सिलिंडर भरलेले तसेच होते.

टेक्सासमधल्या कोलोरॅडो नदीवर (ग्रँड कॅन्यनची कोलोरॅडो ती निराळी) १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या मॅन्सफील्ड धरणाचा हा जलाशय. धरणाआधी नदीकाठी असलेली पेकनची (अक्रोडासारख्या फळाची) झाडे अजून पाण्याखाली उभी आहेत. टॉर्चच्या हिरवट उजेडात त्यांच्या निष्पर्ण फांद्या, त्यांत गुंतलेले गळाचे दोरे आणि मधूनच डोकावणारा एखादा मासा दिसला की घड्याळाकडे लक्ष राहत नाही.

पाणी सार्वजनिक आहे, परंतु पाण्यापर्यंतची जमीन ज्याची, त्याने वाट बंद केली की तो हक्क कागदावरच उरतो. बोटवाल्यांचे काही अडत नाही. अडते ते पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिशाची वजने घेऊन चुनखडीच्या खडकांवरून तोल सावरत उतरणाऱ्या आमच्यासारख्यांचे. मालकाचा राग मला समजतो, कारण शनिवार-रविवारच्या गर्दीने टाकलेल्या फुटक्या बाटल्या मीही पाहिल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्या ओलांडून पुढेही गेलो आहे.

घरी येऊन कोरडाच वेटसूट खुंटीला अडकवत होतो, तेव्हा मुलीने विचारले, “बाबा, तळ्यात आज पाणी नव्हतं का?”