उसाची तोड, ट्रॅक्टरचा डेक आणि साधा कॅमेरा

सातारा-सांगलीकडं कमी पैशात सिनेमा करायचा तर कॅमेऱ्याच्या आधी उसाची चौकशी करावी. कथेत ऊस नसला तरी फ्रेममध्ये मागं तो येतोच. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि शूटिंगला हवाही तेव्हाच बरी असते. अडचण तिथंच आहे. सोमवारी बांधावरचा सीन अर्धा काढला, मागं हिरवीगार भिंत. गुरुवारी उरलेला काढायला गेलं तर फड मोकळा, नुसतं पाचट. ‘चार दिवस थांबवा’ म्हणून शेतकऱ्याला विनवण्यात अर्थ नाही, तोड त्याच्या हातात नसते. कारखान्यातल्या नोंदीप्रमाणे पाळी येते, तोडणीची टोळी येते आणि तोडून जाते. म्हणून लोकेशन बघतानाच लागणीची तारीख विचारा, जमलं तर कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला, गाठा. आडसाली (पावसाळ्यात लावलेला) आधी जातो, सुरूची (हिवाळ्याच्या शेवटी केलेली) लागण बरीच नंतर. तरीही उसातले सगळे सीन शेड्यूलच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सलग उरकावेत. मध्येच तुरा आला तरी शॉट जुळत नाहीत.

उलट एक फायदा असा, की दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेला हिरवळ आणि पूर्वेला माळरान मिळतं. महाबळेश्वर-पाटणची झाडी आणि माण-खटावचा कोरडा माळ एकाच जिल्ह्यात. सांगलीतही शिराळा हिरवा, आणि जत-आटपाडी कोरडी. त्यासाठी युनिटला लांबच्या मुक्कामाचा खर्च नको.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आणि मग त्याला हात लावायचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० मध्ये त्यातल्या बरोबर दोन बसतात. १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकायला लागतात. २५ फ्रेमवर काढून थिएटरसाठी २४ वर आणलं तर सगळं ४ टक्के हळू होतं, ते सुरुवातीलाच टाळलेलं बरं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, बाहेर ५६०० केल्विन. आठ बिटचा कॅमेरा असेल तर लॉगच्या (फिकं चित्र काढून नंतर रंग चढवायच्या प्रोफाइलच्या) नादी लागू नये, कलर करताना आभाळात पट्ट्या पडतात. साधं प्रोफाइल घ्यावं आणि शार्पनेस तळाला न्यावा.

दुपारच्या उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ/२२ वर जातं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक होतं. मागचं धूसर दिसायला एफ/४ हवं असेल तर पाच स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी ३२ ही लेन्सपुढची काळसर काच. स्वस्त व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर काळी फुली उमटते, त्यापेक्षा फिक्स घ्या. सगळे ५० एमएम एफ/१.८ लेन्स आणतात, पण क्रॉप (लहान) सेन्सरवर ती जवळपास ७५-८० सारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं मावत नाहीत. किटमधली १८-५५ घरात जास्त कामाची. प्रकाशाला थर्माकोलचे दोन शीट आणि एक काळी चादर. बारा ते तीन क्लोजअप बाहेर काढू नका, तेवढ्यात घरातले सीन घ्या.

आता आवाज. पैसे इथं घालावेत, कारण थोडं दाणेदार चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. लोकेशन बघायला जाताना हेडफोन आणि रेकॉर्डर न्या, आणि ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जा. पिठाची गिरणी, बोअरची मोटर, देवळाचा भोंगा, आठवडे बाजार यांच्या वेळा लिहून ठेवा. हंगामात सगळ्यात वाईट म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. इंजिनाचा आवाज एक वेळ दबतो, डेकवरचं गाणं दबत नाही, आणि ते संवादाखाली राहिलं तर हक्कांची भानगड वेगळीच. रस्त्याच्या दोन्ही टोकांना फोन घेऊन एकेक पोरगा उभा करा.

बूम (काठीवरचा माइक) तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या काठाला लागून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. तालमीत कलाकार पुटपुटतात आणि टेकला ओरडतात, त्यामुळे दुसरा ट्रॅक १० डेसिबल खाली लावून ठेवावा. लेपल माइक साडीखाली लावला तर मंगळसूत्र त्यावर आपटत राहतं. माइक मायक्रोपोरने (दवाखान्यातल्या चिकटपट्टीने) एका बाजूला चिकटवा. हात दिसत नसतील त्या शॉटला काचेच्या बांगड्या काढायला लावा. घरात फ्रिज बंद करायचाच, आणि तो पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवायची. प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज एक मिनिट घ्या, एडिटर दुवा देईल. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांजवळ वाऱ्यात माइकवरचं फोमचं टोपडं काही कामाचं नाही, केसाळ कव्हर लागतं. तेही कमी पडलं तर टेक झाल्या झाल्या कलाकारांना जीपमध्ये बसवून, काचा लावून, तेच संवाद त्याच लयीत तीनदा बोलवून घ्या. महिन्याभराने डबिंगमध्ये तो दम येत नाही.

डेटाचं गणित सोपं आहे. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी. नव्वद मिनिटांच्या सिनेमाला आठपट फुटेज म्हणजे १२ तास, ५४० जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क, दोन वेगळ्या माणसांच्या घरी. दोन्हीकडे फाइल उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही.

कागदपत्रांत एका गोष्टीवर बरेच जण आपटतात. गावाकडचा सिनेमा म्हणजे बैल आलाच. पडद्यावर प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, आणि त्यांचं ना-हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरकडं फाइल अडते. बैलगाडीचा सीन कथेला खरंच लागतो का, हे स्क्रिप्टच्या टेबलावर ठरवा. लागत नसेल तर नायकाला एसटीने पाठवा.