उतरलेल्या अंगाची चौकशी

कोल्हापुरात ज्याचे अंग भरते त्याचे कौतुक होते आणि ज्याचे उतरते त्याची चौकशी होते. पोटावरची चरबी जाऊन गालफडे जरा आत गेली की गल्लीच्या तोंडावर कोणीतरी थांबवून विचारतेच, ‘काय रं भावा, बरं हाय न्हवं? लई उतरलायस की!’ मुद्दाम उतरवले आहे असे सांगितले, तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची काळजी जाते आणि तिथे अविश्वास येतो. त्याला तरी काय बोल लावायचा? शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेसारखे मैदान उभारले, आणि गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींतून मान आणि मांड्या भरलेले गडी बाहेर पडताना ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याला शीर न्‌ शीर दिसणारा सडसडीत देह उपाशीच वाटणार.

पैलवानाचा खुराक मात्र अडाणीपणाचा मुळीच नव्हता. पहाटे उठून जोर-बैठकांचा रतीब घालायचा, हौद्यातली माती खोऱ्याने उकरायची, मग त्याच मातीत जोड धरायची, एवढे जळत असेल तर दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण पोटात घालावेच लागते. मेहनत सुटते आणि खुराक तेवढा मागे राहतो, तेव्हा पंचाईत होते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी डोळ्यांदेखत पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्यांत लंगोट कसणारे किती आणि दिवसभर गल्ल्यावर बसून आलेले किती, हे ज्याने त्याने पाहावे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि २५० मिलीच्या एका पेल्यातून तेवढ्याच, म्हणजे सुमारे २५० कॅलरी मिळतात. फेस पुसून दुसरा पेला पुढे करणाऱ्याला त्या कॅलरी पैलवानाच्याच वाटतात.

स्नायूंच्या ज्या ठळक रेषांना जिममधली पोरे ‘कट्स’ म्हणतात, त्यांची गंमत अशी की ते तयार करावे लागतात त्यापेक्षा जास्त उघडे पाडावे लागतात. पोटाचा उभा स्नायू प्रत्येकालाच असतो. त्याला आडवे छेदणारे तंतूंचे पट्टे जन्मजात असल्यामुळे कोणाचे चार चौकोन दिसतात, कोणाचे सहा, तर कोणाचे आठ, आणि ते समोरासमोर बसतील की तिरके, हेही वस्ताद ठरवू शकत नाही. व्यायामाने तो स्नायू जाड होतो, पण दिसतो तो वरचा थर पातळ झाल्यावर. पुरुषांच्या शरीरातली एकूण चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांवर यावी लागते, तर स्त्रियांचे शरीर निसर्गतःच अधिक चरबी राखते, म्हणून त्यांच्यासाठी हा आकडा बराच वरचा असतो. शेकडो सिट-अप्स मारून नेमकी पोटाचीच चरबी काढता येत नाही, कारण ती कुठून आधी काढायची हे शरीर ठरवते आणि बहुतेक पुरुषांत पोट-कमरेची पाळी शेवटी येते. कमरेला प्लॅस्टिक गुंडाळून रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्यांचा घाम भरपूर निघतो; घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायले की गेलेले वजन परत येते.

सगळे येऊन थांबते ते ताटापाशी. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी, तेव्हा रोज ५०० कमी खाल्ल्या तर पंधरवड्यात किलोभर उतरावी, असा साधा हिशेब आहे. प्रत्यक्षात शरीर तो इतका काटेकोर पाळत नाही. नुसते उपाशी राहिले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून वजने उचलणे चालू ठेवावे लागते आणि शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने खावी लागतात. ७० किलोच्या माणसाला हे ११२ ग्रॅम होतात, आणि एका अंड्यात मिळतात अवघी सहा. माझ्या मते यातला व्यायाम हा सोपा भाग आहे. तासभर घाम गाळून माणूस मोकळा होतो. खाण्याची परीक्षा मात्र उरलेला दिवसभर चालते, आणि परीक्षक प्रेमळ असतात.

या गावाला सडपातळ अंगाचे वावडे असण्याचे खरे तर काही कारण नाही. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले, आणि ते कांस्यपदक ५७ किलो वजनगटातले होते. एवढ्या वजनाचा पाहुणा आज आमच्या घरी जेवायला बसला, तर त्याला तिसरी भाकरी घेतल्याशिवाय कोणी उठू देणार नाही.

रविवारी तर विचारूच नका. मटणाच्या फोडींत प्रथिने असतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. मामला आहे तो तांबड्या रश्श्यावरच्या तवंगाचा, कारण तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी बसतात. वाटी किंचित कलती धरली की तो लाल थर काठाशी जमतो आणि चमच्याने अलगद काढून ताटात बाजूला ठेवता येतो. कोणाच्या लक्षात न येईल अशा बेताने हे करावे लागते. पांढऱ्यात मात्र नारळाचे दूध, काजू, खसखस असे सगळे एकजीव झालेले असते, त्यातून वेगळे काढण्यासारखे काहीच नसते. म्हणून एक वाटी प्यायची आणि वाटी उपडी घालायची. आत्ती ती सुलटी करते. ‘घे की, रस्सा म्हंजी पाणीच असतंय, त्यानं काय हुतंय?’ असे म्हणत ती पळी रिकामी करते, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी भात सोडायचा आणि भाकरी अर्धी मोडून घ्यायची.