संजीवन सभेच्या तीन रात्री

मुळा नदीच्या काठच्या आमच्या गावात गव्हाची काढणी उरकत आली की ख्रिस्तमंडळीला संजीवन सभेचे, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभेचे, वेध लागतात. ही सभा लेंटमध्ये, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात भरते आणि मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारातील जुन्या उंबराखाली तीन रात्री चालते. १९८९ ते २०१४ या काळात मी मंडळीचा चिटणीस होतो, त्यामुळे त्या वर्षांतील सभांची इतिवृत्ते माझ्याच हस्ताक्षरात आहेत. प्रास्ताविक, पाहुण्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार, अहवालवाचन, दानार्पण, आभार हे सर्व त्यांत यथास्थित नोंदलेले आहे आणि ते पुन्हा वाचावे असे मला एकदाही वाटलेले नाही.

उपस्थितीविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिल्या रात्री चटया निम्म्या रिकाम्या असत आणि तिसऱ्या रात्री प्रीतिभोजनाच्या तीन पंगती उठूनही आमटी पुरत नसे. पुण्याला आणि पिंपरीला स्थायिक झालेली आमची मंडळी नाताळाला नवे कपडे घालून न चुकता येतात, पण पश्चात्तापाच्या सभेला त्यांना रजा मिळत नाही. हे मी एकदा अहवालात जसेच्या तसे वाचून दाखवले होते आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, नंतर मला बाजूला घेऊन, ‘चिटणीस, जे आले नाहीत त्यांचा राग आलेल्यांवर कशाला?’ असे सौम्यपणे विचारले होते. त्यांचे म्हणणे मला पटले, राग मात्र अद्याप गेलेला नाही.

पहिली रात्र संदेशाची असे. नगरहून येणारे एक वृद्ध पाळक आमच्याकडे सलग सहा वर्षे बोलले आणि पश्चात्ताप या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी मला त्यांनीच दिली. ते म्हणत की, मागाहून होणारा ताप एवढाच या मराठी शब्दाचा अर्थ धरला तर येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतालाही पश्चात्ताप झाला होता, कारण त्याने चांदीची तीस नाणी मंदिरात फेकून दिली. येशूला ओळखतच नाही असे म्हणणाऱ्या पेत्र या शिष्यालाही झाला, कारण कोंबडा आरवताच तो बाहेर जाऊन रडला. ताप दोघांनाही झाला, पण मूळ ग्रीक शब्द मेटानोइया हा मन पालटण्याविषयी आहे आणि पालटलेल्या मनाने परत येणारा पेत्र एकटाच होता. एवढे सांगून ते थांबत, चष्मा पुसत आणि मग आपल्या मुलखातील दोन स्त्रियांकडे वळत. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा होण्यास पुढे सुमारे पाच वर्षे लागली आणि त्या अवधीत त्यांच्या मनातील सोवळेओवळे व जातीचा विटाळ आधी गळून पडला. पंडिता रमाबाईंचे नेमके उलट झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. एकीचे मन आधी पालटले आणि पाणी नंतर आले, दुसरीला पाणी आधी मिळाले आणि मन नंतर पालटले. ‘आता तुम्ही कोणत्या रांगेत आहात ते घरी जाऊन ठरवा,’ असे म्हणून ते खाली बसत. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माझ्यासारख्यांना त्या रात्री झोप लागत नसे.

दुसरी रात्र कीर्तनाची. नगर भागातील ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि आमच्या कीर्तनकारबुवांना तिचा रास्त अभिमान होता. बुक्का सोडला तर नमन, अभंग, निरूपण, आख्यान सारे रीतसर होई. त्यांचे हातखंडा आख्यान जक्कयाचे. बुटका जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला, हे वाक्य येताच बुवा मान वर करून आमच्याच उंबराकडे पाहत आणि ‘खाली ये!’ अशी हाक मारत. पोरे खरोखरच फांद्यांकडे बघू लागत. पुढे जक्कय ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे कबूल करतो, तेथे बुवा पेटी थांबवत आणि फक्त टाळाच्या ठेक्यावर ‘चौपट, चौपट’ एवढेच म्हणत राहत. माझ्यापुरती ती जागा अवघड होती. तिचे कारण पुढे येईल.

परंतु ज्या रात्रीसाठी मी वर्षभर थांबत असे ती तिसरी, साक्षींची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते ज्याने त्याने सभेपुढे उभे राहून सांगण्याची. साक्षी ऐकून ऐकून माझे मत काहीसे कडक झाले आहे. दुखणे एका प्रार्थनेत पळाले, धंदा एका महिन्यात दुप्पट झाला, अशा साक्षी मी आदराने ऐकतो आणि इतिवृत्तात एका ओळीत लिहितो. माझे मन हलते ते पडलेल्या माणसाने पुन्हा उभे राहून अडखळत सांगितलेल्या साक्षीने. अशी एक साक्ष आमच्या वस्तीतील ट्रकचालकाची. बरीच वर्षे मंडळीबाहेर राहिलेल्या या माणसाने १९९६ साली बुडवून बाप्तिस्मा मागितला. १९७० साली ज्या सहा मंडळ्या एकत्र येऊन आमची उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली त्यांत बुडवूनच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते, त्यामुळे आमच्या नियमांत दोन्ही पद्धतींना जागा आहे, पण आमच्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या शिंपडण्याचीच रीत चालत आली होती आणि मार्चमध्ये नदीला घोटाभरसुद्धा पाणी नव्हते. पाळकसाहेबांनी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन उन्हाळी आवर्तन कधी सुटणार याची चौकशी केली. पाटाला पाणी आले त्या सकाळी आम्ही सारे पाटावर गेलो, प्रवाह जोराचा म्हणून दोघा तरुणांनी कमरेला दोर बांधून खालच्या अंगाला उभे राहावे असे ठरले, आणि तो धिप्पाड मनुष्य थंड पाण्यातून लहान मुलासारखा कापत वर आला.

पुढच्या वर्षी तो साक्षीला उभा राहिला. सर्वांना वाटले, आता दारू सुटल्याचे सांगेल. तो म्हणाला, ‘पाण्यातून निघालो त्याच रात्री मला दारू सगळ्यात जास्त आठवली.’ मग त्याने सांगितले की वर्षभरात तो दोनदा घसरला होता, दोन्ही वेळा नाक्यापलीकडच्या गुत्त्यावर, दोन्ही वेळा भाडे पोहोचवून एकटा परतत असताना. मागच्या रांगेत कोणीतरी मुद्दाम खोकले. पाळकसाहेब उठले आणि त्याला खाली बसवतील असे मला वाटले, पण त्यांनी त्याच्या शेजारी उभे राहून मत्तयाचे शुभवर्तमान उघडले. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर येतो, आकाशातून वाणी होते. आणि चौथ्या अध्यायाची पहिलीच ओळ अरण्याची व सैतानाच्या परीक्षेची आहे. मध्ये एक दिवसही नाही. येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील पाठ असलेले वचन उत्तरादाखल दिले, स्वतःचे नवे काही बोलला नाही, हेही त्यांनी दाखवून दिले आणि चालकाला ती तीन वचने तोंडपाठ करायला सांगितली. पुढे कित्येक वर्षे त्याच्या ट्रकच्या आरशाखाली ती तीन वचने लिहिलेला पुठ्ठा लटकत होता. पुठ्ठा बदलत गेला, अक्षर त्याच्या मुलीचे होते.

त्या रात्रीचे इतिवृत्त लिहिताना माझा हात थांबला. १९९३ च्या सभेचे दानार्पण माझ्या घरी रात्रभर होते आणि त्यातील चारशे रुपये मी घरच्या अडचणीसाठी काढले होते. महिनाभरात ते मी गुपचूप भरले, हिशेब जुळला, कोणाला कळले नाही. जक्कयाच्या आख्यानाला मी खाली मान घालून बसत असे ते यासाठी. १९९८ च्या तिसऱ्या रात्री, साक्षींच्या यादीत नाव नसताना मी उभा राहिलो, ते सर्व सांगितले आणि बाराशे रुपये टेबलावर ठेवले. मूळचे चारशे आधीच भरलेले होते, म्हणून चौपटीला तेवढेच कमी पडत होते, असा माझा चिटणिशी हिशेब होता. लोक हसले आणि त्यामुळेच मला शेवटपर्यंत बोलता आले.

आता ज्यांच्या खांद्यावर ही सभा उभी राहिली त्यांची आठवण. पेटीवाले मामा आणि त्यांच्या पश्चात पेटी सांभाळणारा त्यांचा भाचा. ढोलकीवर शाळेतील दोन गुरुजी, एक आमच्या मंडळीचे, एक नव्हेत. पहाटे चारपासून भाकरी थापणाऱ्या खालच्या आळीतील तिघी जावा, आणि चौथी धाकटी, जिचे नाव २००३ च्या आभारात माझ्याकडून राहिले आणि जिने मला ते अजून विसरू दिलेले नाही. पाहुण्यांच्या अंथरुणांची काळजी घेणाऱ्या पाळकीणबाई. टँकर आणणारे सरपंच, कनातीचे भाडे कधी पूर्ण न घेणारे मांडववाले, वीज गेल्यावर पेट्रोमॅक्स पेटवणारे आजोबा, चपला राखणारी शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाची, मुले. दोर धरून पाटात उभे राहिलेले ते दोघे तरुण, आता दोघेही आजोबा आहेत. आणखी कोणी राहिले असेल तर तो दोष माझ्या वयाचा समजावा.

शेवटी आमचे खजिनदार, मंडळीच्या वडीलजनांत वयाने सर्वांत थोरले. माझी साक्ष झाल्यावर ते काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी चटया झाडताना त्यांनी मला बोलावले आणि १९९३ ची किर्दवही उघडली. समासात पेन्सिलीने ‘येणे ४००’ असे लिहून पुढे खोडलेले होते, नाव नव्हते. दान माझ्या घरी पाठवण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः मोजले होते. मी पाहतच राहिलो तेव्हा त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘बाराशेची पावती फाडायची राहिली आहे. कोणाच्या नावाने फाडू?’